झूल नको म्हणणारा बैल

पोळ्याला बैलांना सजवतात. पण काही बैल सजायला तयार नसतात. ते असे का वागतात आणि अशा वेळी आपण काय करावे, हे या पाठात सांगितले आहे.

नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे तेलंगणाच्या सीमेवरचे तालुक्याचे गाव. लाल मिरचीच्या बाजारासाठी ते ओळखले जाते. गावाभोवती शेती आहे आणि शेती म्हटली की पोळा आलाच. श्रावण महिन्याच्या अमावस्येला हा सण येतो. वर्षभर राबणाऱ्या बैलांना त्या दिवशी कामाला जुंपत नाहीत. आदल्या दिवशी त्यांचे खांदे तूप आणि हळद लावून चोळतात. याला खांदमळणी म्हणतात. सणाच्या दिवशी बैलांना आंघोळ घालतात, त्यांची शिंगे रंगवतात आणि शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या बसवतात. गळ्यात घुंगुरमाळा, कपाळावर बाशिंग आणि पाठीवर नक्षीदार झूल घालतात. 'झूल' हा शब्द तर तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा असेल. मग वाजतगाजत मिरवणूक निघते आणि घरी आल्यावर बैलांना पुरणपोळी खाऊ घालतात.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. त्यात मुले लाकडी बैल सजवतात. लाकडी बैल कधी मान हलवत नाही. खऱ्या बैलाचे मात्र तसे नसते. ज्या गोऱ्ह्याचा हा पहिलाच पोळा असतो, तो तर झूल पाठीवर पडताच उसळी मारतो. बाशिंग बांधू लागले की मान झटकतो. कधी कधी हातातला कासरा हिसडून पळतो. मग लोक म्हणतात, "बैल मोठा हट्टी आहे." खरे पाहता तो हट्टी नसतो, तो भ्यालेला असतो.

बैलाला जग कसे दिसते, ते पाहा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला समोरचे, बाजूचे आणि बरेचसे मागचेही दिसते. फक्त अगदी पाठीमागचा भाग दिसत नाही. तुम्ही मागून येऊन झूल टाकली, तर काहीतरी अचानक अंगावर पडले एवढेच त्याला कळते. जंगलात वाघ असाच पाठीवर झेप घेतो. ती जुनी भीती बैलाच्या रक्तात अजून आहे.

त्याचे कानही तीक्ष्ण असतात. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. बैलाला सुमारे ३५,००० कंपनांपर्यंतचा. आपल्याला गोड वाटणारी घुंगरांची किणकिण त्याच्या कानाशी सतत होत राहिली, तर तो बावरतो. त्याची कातडीही फार जाणती असते. माशी बसली तरी तेवढाच भाग तो थरथरवतो. मग पोटाशी लोंबणारे गोंडे त्याला कसे वाटत असतील, याचा विचार करा.

अमेरिकेतील टेम्पल ग्रँडिन या शास्त्रज्ञ बाईंनी गुरांच्या वागणुकीचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. चालता चालता गुरे मध्येच का थांबतात, हे त्यांनी शोधले. लोंबणारी साखळी, वाऱ्याने हलणारे कापड, चमकणारी वस्तू, अचानक होणारा आवाज, अशी कारणे त्यांना सापडली. आता पोळ्याचा साज आठवा. गोंडे लोंबतात, झूल हलते, बेगड चमकते आणि घुंगरू वाजतात. म्हणजे बैल ज्या गोष्टींना बिचकतो, त्याच आपण त्याच्या अंगावर बांधतो!

म्हणून सजावटीची सवय आधीपासून लावावी. पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी बैल वैरण खात असताना त्याला घडी केलेले पोते दाखवावे. ते त्याला हुंगू द्यावे. मग खांद्याच्या बाजूने, त्याच्या नजरेसमोर, ते हळूच पाठीवर ठेवावे आणि थोड्या वेळाने काढून घ्यावे. रोज थोडा वेळ वाढवावा. पुढे पोत्याच्या जागी झूल आणावी. घुंगरांमध्ये प्रथम चिंध्या भरून ठेवाव्यात आणि रोज थोड्या काढाव्यात. हे काम त्याला रोज चारापाणी देणाऱ्या माणसानेच करावे. त्याचा वास आणि आवाज बैलाला ओळखीचा असतो.

सजवताना बैलाकडे लक्ष ठेवा. डोळ्यांचा पांढरा भाग जास्त दिसू लागला, शेपटी जोरजोराने हलू लागली, तो फुरफुरू लागला किंवा पायाने माती उकरू लागला, तर हात थांबवा. वेसण ओढू नका. नाकाचा तो भाग फार नाजूक असतो आणि दुखले की बैल अधिकच बिथरतो. आपल्या भागातला लाल कंधारी असो की लातूरकडचा देवणी, पूर्ण वाढलेला बैल माणसाच्या कितीतरी पट वजनाचा असतो. तो गर्दीत उधळला, तर लहान मुले त्याच्या पायाखाली येऊ शकतात. म्हणून बिथरलेल्या बैलाला मिरवणुकीत नेऊ नये.

रंगाचीही काळजी घ्यावी. शिंग वरून नखासारखे असते. पण आत हाड असते आणि त्यातून रक्त वाहते. बुडाशी हात लावला, तर शिंग उबदार लागते. म्हणून शिंगे खोलवर तासू नयेत. अंगावर तैलरंग लावू नये. काही तैलरंगांत शिसे असते आणि गुरे एकमेकांना चाटतात. शिसे पोटात गेले, तर जनावर दगावते. शिवाय तो रंग काढण्यासाठी रॉकेल लावले, तर कातडीची आग होते. गेरू आणि हळद उत्तम. पाण्याने धुतली की निघून जातात.

इतके करूनही एखादा बैल झूल घेत नाही. मग काय करावे? झूल बाजूला ठेवावी. कपाळाला हळद लावावी, पुरणपोळी भरवावी आणि त्याला सावलीत बांधावे. शेजाऱ्यांची जोडी मिरवते आणि आपला बैल गोठ्यात राहतो, याचे मालकाला वाईट वाटेल. पण पोळा हा बैलाचा सण आहे. वर्षभर जू मानेवर घेताना त्याला कोणी विचारत नाही. या एका दिवशी तरी त्याचे 'नको' ऐकायला हवे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खांदमळणी म्हणजे काय?
(आ) बैलाला कोणता भाग दिसत नाही?

२. कारणे लिहा.
(अ) बैलाच्या अंगावर तैलरंग लावू नये.
(आ) सवय लावण्याचे काम रोज चारा देणाऱ्यानेच करावे.

३. वाक्यांत उपयोग करा : बिचकणे, बावरणे, उधळणे, उसळी मारणे.

४. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या प्राण्याला काय आवडत नाही? तो ते कसे दाखवतो? पाच-सहा ओळी लिहा.