‘तिचेच काही चुकले असेल!’

एखाद्या विवाहितेला पतीने मारहाण केल्याचे कानी आले, की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो, ‘तिने काय केले होते?’ मारणाऱ्याविषयीचा प्रश्न मागाहून येतो. पुष्कळदा येतही नाही. ही विचारसरणी केवळ जुन्या पिढीची आहे, असा आपला समज असेल, तर तो दूर करणे आवश्यक आहे.

युनिसेफने २०१२ साली किशोरवयीनांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार भारतातील १५ ते १९ वयोगटातील ५७ टक्के मुलांना काही कारणांस्तव पतीने पत्नीला मारणे समर्थनीय वाटत होते. त्याहून विचार करायला लावणारी बाब म्हणजे, ५३ टक्के मुलींचेही तेच मत होते.

ही कारणे तरी कोणती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अशी सात कारणे विचारली जातात : न सांगता घराबाहेर जाणे, घराकडे वा मुलांकडे दुर्लक्ष करणे, पतीशी वाद घालणे, स्वयंपाक नीट न करणे, शरीरसंबंधास नकार देणे, तिच्या चारित्र्याविषयी पतीला संशय येणे आणि सासरच्या माणसांचा मान न राखणे. यांपैकी किमान एक कारण मान्य असणाऱ्या १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५२ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ४५ टक्क्यांवर आले. पुरुषांचे प्रमाण मात्र ४२ वरून ४४ टक्के झाले. स्त्रियांचे विचार बदलत आहेत. पुरुष आहेत तेथेच आहेत.

ही यादी नीट पाहिली, तर या समजुतीचे मूळ ध्यानी येते. येथे मारहाणीला क्रौर्य न मानता शिक्षा मानले आहे. पत्नीने कर्तव्यात कसूर करायची आणि पतीने न्यायाधीश व्हायचे! म्हणूनच ‘मी कधी स्त्रीवर हात उगारणार नाही’ असे मनापासून म्हणणारा तरुणही ‘पण कारण असेल तर...’ अशी पळवाट मनात ठेवून असतो. पीडित स्त्रीही स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील २९ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली होती. या मौनामागे भीती आहे, तशीच ही समजूतही आहे.

ही शिकवण पुस्तकातून मिळत नाही. भावाचे ताट बहिणीने उचलावे, ‘मुलीसारखा रडू नकोस’ असे मुलाला बजावावे, मुलीने नकार दिल्यावरही तिचा पिच्छा पुरवणाऱ्या नायकाला चित्रपटगृहात टाळ्या मिळाव्यात, अशा लहानसहान गोष्टींतून ती मुरत जाते.

परंतु जे शिकवले जाते, ते बदलताही येते. हरियाणातील सरकारी शाळांत ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने २०१४ ते २०१६ या काळात सातवी-आठवीपासूनच्या मुलामुलींशी वर्गात स्त्री-पुरुष समानतेविषयी नियमित संवाद साधला. संशोधकांनी या शाळांची तुलना उपक्रम नसलेल्या शाळांशी केली, तेव्हा विद्यार्थ्यांचे विचार अधिक समतेचे झाल्याचे आढळले. उपक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तो परिणाम टिकून होता. मुलग्यांच्या वागण्यात मुलींपेक्षा अधिक बदल दिसला, कारण मुलींचे वागणे बदलायचे, तर आधी घरच्यांनी बदलावे लागते.

येथेच पालक, शिक्षक आणि युवक मंडळांचे कार्यकर्ते यांची जबाबदारी सुरू होते. घरकाम मुलगा-मुलगी दोघांनाही वाटून द्यावे. नकार म्हणजे नकारच, हे मुलग्यांना किशोरवयातच सांगावे. आणि मारहाणीची बातमी घरात निघेल, तेव्हा ‘तिने काय केले?’ या प्रश्नाऐवजी ‘त्याने हात का उगारला?’ हा प्रश्न मोठ्यांच्या तोंडून मुलांच्या कानी पडावा. मुले आपले प्रश्न आपल्याकडूनच उचलतात.