जैतूनचे तेल आणि आपली कढई

आपल्या घरांत जैतूनचे तेल दोन वाटांनी येते. एक दीनच्या मोहब्बतीची, दुसरी अब्बांचे कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट आल्यावरची. सूरह अत्-तीनमध्ये जैतूनची कसम आहे, तिर्मिजीच्या हदीसमध्ये हे तेल खाण्यास आणि अंगाला लावण्यास सांगितले आहे. आदर आहेच. पण भोर-वेल्ह्यात शेंगदाणा तेलही मोजून आणणाऱ्या घरांना ही बाटली महाग पडते, म्हणून ती कशी वापरायची हे आम्ही नीट पाहिले.

स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७,४०० लोकांवर 'प्रेडिमेड' हा अभ्यास झाला. २०१३ साली निष्कर्ष आले, त्रुटी सापडल्याने मागे घेतले गेले आणि २०१८ साली दुरुस्त करून पुन्हा छापले. भाज्या, कडधान्ये, मासे अशा आहारासोबत एक्स्ट्रा व्हर्जिन तेल घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण कमी दिसले. हे तेल त्यांच्या स्वयंपाकातले मुख्य तेल होते.

आपल्याकडे मात्र तेच जेवण, तीच भजी, आणि वर सकाळी उपाशीपोटी दोन चमचे! कोणत्याही तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात, जैतूनच्याही. डालडा किंवा लोण्याच्या जागी ते आले तर फायदा, नुसती भर पडली तर वजन. आणि तेल सुरू केले म्हणून कोणी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करत असेल, तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे. हा खरा धोका आहे.

जैतूनच्या तेलात साधारण ७० टक्के ओलेइक आम्ल असते. शेंगदाणा तेलातही ते निम्म्याच्या आसपास असते, म्हणजे ज्यांना बाटली परवडत नाही त्यांनी मन लहान करू नये. आपल्या वरकस जमिनीतल्या खुरासणीचे तेल वेगळे, त्यात लिनोलिक आम्ल जास्त. तेले आलटून-पालटून वापरलेली बरी. इफ्तारच्या भज्यांचे काळे पडलेले तेल मात्र दुसऱ्या दिवशी कढईत नको, ते कोणतेही असो.

बाटलीवर 'पोमेस' लिहिले असेल तर ते उरलेल्या चोथ्यातून रसायनाने काढलेले तेल. खायला चालते, पण अभ्यासातले ते हे नव्हे. एक्स्ट्रा व्हर्जिन घेतलेच तर कोशिंबिरीवर किंवा वाढलेल्या वरणावर घालावे. गडद काचेची लहान बाटली आणावी, शेगडीपासून लांब ठेवावी आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावी.