शेअर वाढला, पण किती व्यवहार झाले? व्हॉल्यूम बघायला शिकूया

‘अमुक शेअर आज ५ टक्के वर गेला, लगेच घ्या’ असे मेसेज आता घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. वाढलेला भाव सगळ्यांना दिसतो. पण भावाशेजारी आणखी एक आकडा असतो, व्हॉल्यूम. त्या दिवशी एकूण किती शेअर्सची खरेदी-विक्री झाली, हे तो सांगतो. तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

उदाहरण घेऊ. एका कंपनीच्या रोज सरासरी १ लाख शेअर्सची उलाढाल होते. आज भाव २०० रुपयांवरून २१० झाला आणि व्हॉल्यूम ४ लाख निघाला. म्हणजे वाढीव भावातही भरपूर व्यवहार झाले, वाढीला आधार आहे. तीच वाढ फक्त २० हजार शेअर्सवर झाली असेल, तर मोजक्या लोकांनी भाव वर नेला. असा भाव खाली यायलाही वेळ लागत नाही.

काय तपासावे?

पहिले, आजचा व्हॉल्यूम गेल्या २० दिवसांच्या सरासरीशी ताडून बघा. नुसता मोठा आकडा काही सांगत नाही. भाव चढतोय पण व्हॉल्यूम रोज कमी होतोय, तर खरेदीदार दमले असे समजावे.

दुसरे, डिलिव्हरीची टक्केवारी. एनएसईच्या वेबसाइटवर ती रोज मिळते. कितीही व्यवहार झाले तरी त्यातले किती शेअर खरोखर डीमॅट खात्यात गेले, हे त्यावरून कळते. ती फार कमी असेल तर बरीचशी उलाढाल त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्यांची असते. शेअर ताब्यात येण्याआधी विकणे अनेक उलेमा योग्य मानत नाहीत, त्यामुळे आपल्या घरांसाठी या आकड्याला जास्तच महत्त्व आहे.

तिसरे, सर्किट. छोट्या कंपनीचा शेअर रोज अप्पर सर्किटला लागतो आणि व्हॉल्यूम नगण्य, असे दिसले तर सावध व्हा. उद्या लोअर सर्किट लागले की विकायला गिऱ्हाईकच मिळत नाही.

व्हॉल्यूमही फसवू शकतो

प्रत्येक शेअर कोणी घेतो तेव्हा कोणीतरी विकतच असतो. म्हणून विकणारा कोण, हाही प्रश्न विचारला पाहिजे. मार्च २०२३ मध्ये सेबीने यूट्यूब व्हिडिओंच्या एका प्रकरणात अंतरिम आदेश दिला. सेबीच्या म्हणण्यानुसार, खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आल्यावर एका छोट्या कंपनीचा भाव आणि व्हॉल्यूम दोन्ही वाढले. सामान्य लोक खरेदीला धावले आणि आतल्या मंडळींनी आपले शेअर चढ्या भावात त्यांच्याच गळ्यात मारले. इथे व्हॉल्यूम भरपूर होता, कंपनीत मात्र तसा दम नव्हता.

कंपनीचे निकाल, शेअरचे विभाजन किंवा एखादा मोठा ठोक व्यवहार यामुळेही व्हॉल्यूम एका दिवसात उसळतो. म्हणून आधी कारण शोधा. एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीने काही जाहीर केले आहे का, ते बघा. काहीच नसेल आणि टिप मात्र जोरात फिरत असेल, तर हात आखडता घेतलेला बरा.

व्हॉल्यूम बघून भविष्य कळत नाही. पण मुलीच्या फीसाठी किंवा हजसाठी साठवलेला पैसा कुणाच्या मेसेजवर लावण्याआधी दोन मिनिटे थांबून विचार करायला तो नक्कीच भाग पाडतो.