परसातली टर्की – भाग ४ : पहिल्या महिन्याचा घरचा घास

टर्कीची पिल्ले दगावायची तर बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसात दगावतात, आणि तीही अनेकदा खाद्याने भरलेल्या भांड्याशेजारी. गेल्या भागात अंडी उबवण्याचे २८ दिवस पाहिले. अंड्यातून निघताना पिल्लू पोटात बलकाची शिदोरी घेऊन येते. ती दोन-तीन दिवस पुरते. तेवढ्या वेळात त्याला चोच मारणे जमले नाही, तर ते भुकेने जाते. कोंबडीचे पिल्लू आपसूक टिपू लागते. टर्कीचे पिल्लू भित्रे आणि मंद, त्याला शिकवावे लागते.

जमिनीवर भुसा असेल तर तो पहिले काही दिवस खरखरीत कागदाने झाका, नाहीतर पिल्ले भुसाच खातात. खाद्य कागदावरच पसरा. हिरवा रंग त्यांना चटकन ओढतो, म्हणून मेथी, लसूणघास किंवा शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून वर भुरभुरवा. पाण्याच्या उथळ भांड्यात रंगीत गोट्या टाका. त्या पाहून पिल्ले चोच मारतात, शिवाय पाण्यात बुडत नाहीत. मागे राहिलेल्या पिल्लाची चोच हाताने पाण्याला लावा, घास भरवा. पहिले पंधरा दिवस दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे कुस्करून द्या आणि लिटरभर पाण्यात १०० मिलिलिटर दूध मिसळा. शिंदखेड्याच्या उन्हाळ्यात हे दूधपाणी लवकर नासते, म्हणून ते सकाळी थोडा वेळच ठेवा. मग भांडे घासून साधे गार पाणी भरा.

शिकवायला कोंबडीची पिल्ले सोबत सोडण्याची पद्धत आहे. ती टाळलेली बरी. कोंबडीला फारसा त्रास न देणारा ‘ब्लॅकहेड’ हा आजार टर्कीचा जीव घेतो. त्यापेक्षा खायला शिकलेली टर्कीचीच दोन-चार पिल्ले सोबत ठेवा.

आता घरच्या खाद्याचे गणित. कोंबडीच्या पिल्लाला २० ते २२ टक्के प्रथिने पुरतात. टर्कीच्या पिल्लाला पहिले चार आठवडे २८ टक्के लागतात. आपल्याकडचा मका, बाजरी, दादर यांत ती ९ ते ११ टक्क्यांच्या आसपास. नुसत्या भरड्यावर पिल्लू जगले तरी वाढ खुंटते, पंख नीट भरत नाहीत. मक्यातले नायसिन पक्ष्याच्या अंगी फारसे लागत नाही. ते कमी पडले की पायाचे सांधे सुजतात, पाय वाकतात.

दहा किलोचे मिश्रण असे करता येईल : मक्याचा रव्यासारखा भरडा साडेचार किलो, तेल काढलेली सोयापेंड चार किलो, मासळीची पूड सव्वा किलोच्या आत-बाहेर आणि कोंबडीखाद्याचे क्षारमिश्रण ३०० ग्रॅम. जीवनसत्त्वांची पूड आणि थोडे मिथिओनिन पाकिटावरच्या प्रमाणात वेगळे घाला. मक्यातला काही भाग बाजरी किंवा दादरने भरून काढता येतो. मासळी बिनमिठाची हवी. खारवलेल्या सुकटीतले मीठ पिल्लांना बाधते. घरचे सोयाबीन वापरायचे तर ते नीट भाजूनच, कारण कच्च्या दाण्यातले घटक प्रथिने पचू देत नाहीत. दोंडाईचात मक्यापासून स्टार्च काढतात. त्या धंद्यातून निघणाऱ्या मका-ग्लुटेनमध्ये प्रथिने साठ टक्क्यांपर्यंत असतात, पण लायसिन कमी. म्हणून ते सोयापेंडीला जोड म्हणून थोडेच घ्या.

आपल्या तालुक्यात घरोघरी असते ती सरकीची ढेप. ती जनावरांना चालते. पिल्लांना नको, तिच्यातले गॉसिपॉल त्यांना सोसत नाही. शेंगदाण्याच्या ढेपेचा धोका वेगळा आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले पटापट मेली. कारण कळेना, म्हणून त्या रोगाला ‘टर्की एक्स’ म्हणू लागले. शोध ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपाशी थांबला. तिच्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी चढली होती, आणि तिच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. कोंबडीपेक्षा टर्कीचे यकृत या विषापुढे लवकर हार खाते. बुरशी दिसत नसली तरी विष असू शकते, आणि उकळून-भाजून ते पुरते जात नाही. पहिल्या महिन्यात ही ढेप वापरूच नका. पावसात भिजलेला मकाही नको.

मिश्रण आठवड्यापुरतेच बनवा. आपल्या उन्हात मासळीतले तेल खवट होते आणि जीवनसत्त्वे उडून जातात. पोते भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवा.

चार आठवड्यांनंतर प्रथिनांची गरज २६ टक्क्यांवर येते आणि पुढे उतरत जाते. मोठी टर्की निम्म्यापर्यंत हिरव्या चाऱ्यावर पोसता येते. घरच्या खाद्याची खरी बचत तिथे आहे. पहिल्या महिन्यात मात्र सोयापेंड आणि मासळीवर हात आखडू नका. पुढच्या भागात पिल्लांची ऊब : पहिल्या आठवड्यात ३५ अंश कसे राखायचे, आणि मे महिन्याच्या दुपारी बल्ब केव्हा बंद करायचा.