आंबा घाट आणि जुनी ट्रॅव्हलर

पुण्याच्या बजाज टेम्पोने १९८७ मध्ये मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर बाजारात आणली. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, पण ट्रॅव्हलर तीच राहिली. शाळेची बस किंवा रुग्णवाहिका म्हणून राबलेली अशी जुनी गाडी घ्यायची, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि कोकणात उतरायचे, हा बेत आता अनेक घरांत शिजतो. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले.

अशा गाडीची खरी परीक्षा रत्नागिरीत होते. साखरप्याहून आंबा घाट चढताना इंजिन तापते, उतरताना ब्रेक तापतात आणि गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर मुक्काम केला की खारा वारा वायरींना लागतो.

गाडी बंद पडली की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: बिघाड नेमका कधी होतो?

नुसती उभ्या उभ्या चालू ठेवली तरी गाडी हीट होत असेल, तर संशय फॅन आणि त्याच्या बेल्टवर. सपाटीवर ठीक आणि फक्त चढावर काटा वर जात असेल, तर बहुधा रेडिएटर आतून चोंदलेला असतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे साधे पाणी भरले की आत गंज धरतो आणि बारीक नळ्या बुजतात. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून गाडी चालू करावी. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट तपासायलाच हवे. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. दाब सुटताच ते उसळून अंगावर येते. हीट होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा काही गॅरेजांतला आवडता उपाय, पण तो चुकीचाच. इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जाते आणि चोंदलेला रेडिएटर तसाच राहतो.

गाडी चालू होऊन लगेच बंद पडते? इंजिनाने एअर घेतलेली असू शकते. डिझेल फिल्टरचे सील आणि जुने पाइप आधी पाहावेत, मग हँड पंप मारून हवा काढावी. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली तर आतल्या दमट हवेचे पाणी होते. फिल्टरखालचा स्क्रू सोडला की ते बाहेर येते.

सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला की बॅटरी बदलण्याची घाई होते. त्याआधी इंजिन आणि चेसी जोडणारी अर्थिंगची पट्टी उघडून घासावी. सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यामध्ये मीटरने अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दाखवला, तर दोष या जोडणीतच आहे. समुद्राकाठी ही पट्टी लवकर खराब होते, आणि तिची किंमत नव्या बॅटरीच्या मानाने नगण्य असते.

सर्वात गंभीर गोष्ट ब्रेकची. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर आणि सामानाने जड झालेली गाडी आंब्याहून साखरप्याकडे उतरते, तेव्हा ब्रेक ऑइल तापत जाते. हे ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ते उकळले की वाफ होते आणि पॅडल सरळ खाली जाते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे तर दुहेरी धोका पत्करतात: इंजिनाचा अडसर जातो आणि ब्रेक बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूमही थांबतो. घाट ज्या गिअरमध्ये चढला, जवळपास त्याच गिअरमध्ये उतरावा.

कोकणातल्या दमट हवेत फिरणाऱ्या गाडीचे ब्रेक ऑइल दोन वर्षांच्या आत बदलावे. पावसाळा संपला की ऑक्टोबरात, पहिल्या सहलीआधी हे काम करून घ्या.