एक वर्ग, अनेक पंगती

कोल्हापूरजवळच्या उचगावला खेटून असलेल्या गांधीनगरात दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो आणि मान वळवून घरच्यांशी सिंधीत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे इथे वसली. त्याआधी, १९४३ ते १९४८ या काळात, इथल्याच वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांच्या मुलांसाठी छावणीतच पोलिश शाळा होत्या. आसपासच्या गावांतल्या पोरांशी एका बाकावर बसायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

पण वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एका वर्गात आणण्याचा खटाटोप करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. आणि त्यात खरी अडचण बाकाची नव्हतीच, ती ताटाची होती.

उचगावचा मुलगा कोल्हापूरच्या शाळेत पायी जाऊन संध्याकाळी घरी परतू शकत होता. भुदरगड किंवा शिरोळकडच्या मुलाने काय करायचे? शहरात राहायचे कुठे, जेवायचे कुणाकडे? राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. ते सर्वांना खुले होते. तरीही काही वर्षांतच तिथे जवळजवळ फक्त ब्राह्मण मुले उरली. दारावर मज्जाव नव्हता, पण स्वयंपाकघरातला सोवळ्याचा कारभार आणि इतर समाजांत शिक्षणाची मुळातच असलेली वानवा, एवढे पुरेसे होते.

मग महाराजांनी उलटी वाट धरली: प्रत्येक समाजासाठी वेगळे वसतिगृह. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुस्लिम समाजासाठी संस्था उभी राहिली आणि तिचे अध्यक्षपद खुद्द महाराजांकडे होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. हे नाव मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचे. लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशी यादी वाढत गेली. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यामुळे. महाराजांनी जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली.

जातवार बोर्डिंगांनी जात अधिक पक्की होईल, ही टीका तेव्हाही झाली. ती अगदीच पोकळ नव्हती. पण स्वतंत्र चूल मिळाली नसती तर यातली बहुतेक मुले शहरात टिकलीच नसती, हेही खरे. रात्री आपापल्या बोर्डिंगात असलेली मुले दिवसा एकाच मास्तरांपुढे बसू लागली. १९१९ मध्ये तर अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरसकट सरकारी शाळांत घ्यावे, असा हुकूमच निघाला.

या व्यवस्थेची मर्यादा एका विद्यार्थ्याला आतूनच दिसली. कुंभोजचा भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो जाऊन आला, तेव्हा जेवणाआधी आंघोळ करण्याचे फर्मान निघाले. तो हटून बसला. शेवटी बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याच्या चरित्रांत सांगतात.

याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. त्याला पुढे नाव दिले शाहू महाराजांचे, पण रचना मात्र कोल्हापूरपेक्षा निराळी ठेवली. मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका छपराखाली. स्वयंपाकही मुलांनीच करायचा आणि एकाच पंगतीत जेवायचे. १९२७ मध्ये महात्मा गांधी हे बोर्डिंग पाहायला आले. खर्चाची ओढाताण मात्र कायम होती. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, काढून दिले.