एका टिंबाचे दोन अर्थ

घरातील जुन्या वहीत आजोबांनी लिहिलेली एखादी चीज सापडते आणि ‘सा’च्या डोक्यावर एक टिंब दिसते. हा षड्ज कोठला समजावा?

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलेखनात वरचे टिंब तार सप्तकाचे व खालचे मंद्राचे. परंतु १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीत तेच वरचे टिंब मंद्र सप्तक दाखविते! स्वरावरील उभी रेघ भातखंडे पद्धतीत मध्यमास तीव्र करते, तर पलुस्कर पद्धतीत ती तार सप्तकाची खूण होय. समेसाठी एकीकडे फुली, तर दुसरीकडे एकाचा आकडा.

आता अशा वह्या संगणकावर उतरविल्या जातात. साध्या देवनागरी टंकलेखनात वरचे टिंब बहुधा अनुस्वार म्हणून उमटते आणि खालचे नुक्ता म्हणून. स्वराचे मर्म यंत्रास ठाऊक नसते. ते लिहिणाऱ्यानेच जपावयाचे असते.

यास्तव पहिल्याच पानावर पद्धतीचे नाव आणि चिन्हांचा खुलासा अवश्य लिहावा. तेवढ्या एका ओळीने पुढल्या पिढीतील गायकाची दोन सप्तकांची चूक टळेल.